जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महिंद्राच्या जुन्या जीपवाल्यांसाठी आहे. सीजे३बी, सीजे५००डी, एमएम५४०, एमएम५५० या घराण्यातल्या ज्या गाड्यांना पुढेही ड्रमच आहेत आणि ज्यांच्या मालकांना पुढे डिस्क बसवायची आहे, त्यांच्या मनातले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे उदाहरणादाखल जिथे दिलेत तिथे तसं म्हटलं आहे. आपल्या गाडीवर मोजमाप घेतल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका.

ब्रेक नीट लागतच नाही. थेट डिस्कच बसवू का?

आधी आहेत ते ड्रम ठीक करून बघा. "जीपचे ब्रेक असेच असतात" हे वाक्य गॅरेजमध्ये फार ऐकू येतं, पण चारही चाकांचे लायनर (शूवरचा घर्षणाचा थर), व्हील सिलेंडर (शू ड्रमवर दाबणारे) आणि ड्रम चांगल्या अवस्थेत असलेली जीप सपाट रस्त्यावर व्यवस्थित थांबते. बहुतेक गाड्यांत व्हील सिलेंडरचा एक पिस्टन जाम असतो, नाहीतर हबच्या सीलमधून ग्रीस उतरून लायनर तेलकट झालेला असतो. तिसरं कारण, ड्रम इतक्यांदा लेथवर कापलेला असतो की नव्या शूची गोलाई त्याला बसतच नाही. ड्रम काढून लायनरचा पृष्ठभाग बघा. मधला फक्त दोन बोटांचा पट्टा चकाकत असेल आणि टोकं काळी, खरखरीत असतील, तर शू ड्रमला पूर्ण टेकत नाही. तसं असेल तर लायनर ड्रमच्या मापाला घासून घ्यावा लागतो. ड्रमचा व्यास मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त वाढला असेल तर ड्रम बदला.

हे करून मागचे ब्रेक शंभर टक्के ठीक झाले की मगच पुढच्या डिस्कचा विचार करा. मागे गळका सिलेंडर ठेवून पुढे डिस्क बसवली, तर पेडल खालीच जाईल आणि दोष विनाकारण नव्या कामाला लागेल.

ड्रम उघडताना एक काळजी घ्या. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. पाणी शिंपडून ओली करा आणि फडक्याने पुसून घ्या.

सगळं ठीक केल्यावरही डिस्कने वेगळं काय मिळतं?

सगळ्यात मोठा फरक घाटात आणि पाण्यात दिसतो.

दीड टनाची भरलेली जीप ताशी ८० किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ७३६० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे ८० च्या वेगावरून जवळपास वीस वेळा थांबवण्याइतकी. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची याच्या दुपटीहून जास्त कमी होते. यातला मोठा वाटा इंजिनाने आणि गिअरने उचलायचा असतो. उरलेला ड्रमच्या बंद डब्यात साठतो. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जातं आणि लायनरची पकडही कमी होते. डिस्क उघड्या हवेत फिरते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच वाढते. त्यामुळे पेडल जागेवर राहतं.

पाण्याचं म्हणाल तर ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी साचतं आणि पुढचा काही वेळ एक चाक धरतं, दुसरं धरत नाही. गाडी झटका देऊन बाजूला जाते. डिस्कवरचं पाणी एकदोन फेऱ्यांत पॅड पुसून टाकतात.

थांबायचं अंतर किती कमी होईल?

थंड ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर, एकदाच ब्रेक मारला तर फारसं नाही. चांगले ड्रमही चाक लॉक करू शकतात, आणि चाक लॉक झालं की पुढचं सगळं टायरच्या हातात असतं. फरक पडतो तो दहाव्या ब्रेकला. टायर मोठे घातले असतील तर मात्र पहिल्या ब्रेकलाही जाणवतो, कारण २९ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातला की तेवढंच थांबवायला जवळपास ७ टक्के जास्त जोर लागतो.

कोणत्या गाडीचे कॅलिपर आणि डिस्क घ्यावेत?

बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, सुमो, जिप्सी अशा गाड्यांचे भाग लोक वापरतात. "अमुकच बसतं" असं सांगणाऱ्याला आधी विचारा की तुमच्या गाडीचा रिम कितीचा आहे, हे त्याने बघितलं का. निवड करताना तीन मापं महत्त्वाची: रिमच्या आतला व्यास, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा व्यास आणि डिस्कची टोपी, म्हणजे हबवर बसणारा मधला भाग, किती खोल आहे.

कॅलिपरची बाहेरची कड आणि रिमची आतली बाजू यांत सगळीकडे किमान ४ ते ५ मिमी फट हवी. ३ मिमीला चाक फिरतं, पण चिखलातला एक खडा मध्ये अडकला की रिमला आतून कापत जातो. रिमच्या आत चिकटवायची शिशाची वजनं लावत असाल तर तीही जमेस धरा. पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार कापून रिममध्ये फिरवून बघणं हा दहा मिनिटांचा उद्योग आहे, आणि तो खरेदीच्या आधी करायचा असतो.

पॅड कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतील असेच कॅलिपर घ्या. परदेशी गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर दिसायला देखणे असतात, पण आंबोलीत पॅड संपला तर उपयोग शून्य.

हवा खेळणारी पोकळ डिस्क मिळत असेल तर तीच घ्या. हलक्या, मऊ टपाच्या गाडीला सपाट भागात सलग डिस्क पुरते. घाटात ओझं घेऊन चालणाऱ्या गाडीला ती लवकर तापते.

हबवर डिस्क कशी बसते? इथेच सगळे अडकतात असं ऐकलं.

खरं आहे. कामाचा सगळा कस इथे लागतो.

जीपच्या चाकाला पाच स्टड, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर ८२.१ मिमी भरतं. जिप्सीचंही वर्तुळ हेच आहे. दुसरी डिस्क घेतली तर तिला नवी भोकं पाडावी लागतात. ती जुन्या भोकांपासून पुरेशी लांब पडली पाहिजेत आणि डिस्कचं मधलं भोक हबच्या गोलाईवर नेमकं बसलं पाहिजे. डिस्कचा मध्य स्टडवर ठरवायचा नसतो, हबच्या गोलाईवर ठरवायचा असतो. मधलं भोक मोठं असेल तर लेथवर रिंग करून बसवा.

ड्रम हबपासून सुटा करताना घाई करू नका. विलीस घराण्याच्या जुन्या हबमध्ये स्टड मागून ठोकून बसवून पुढून फुगवलेले असतात. ड्रम, हब आणि स्टड असे तिन्ही त्या फुगवट्याने जखडलेले असतात. थेट प्रेसमध्ये घालून दाबलं, तर फुगलेला भाग भोकातून जाताना भोकच मोठं करून जातो, आणि नवा स्टड त्यात सैल फिरतो. आधी तो फुगवटा कटरने किंवा ड्रिलने पूर्ण काढायचा. हबच्या लोखंडाची चकाकी स्टडभोवती स्वच्छ गोल दिसू लागली की मगच प्रेस वापरायचा. काही जुन्या गाड्यांत डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हे नट फिरवण्याआधी तपासा. नवे स्टड घालताना दोन्ही बाजू सुलट आट्यांच्या करून टाका. रात्री पंक्चर काढणाऱ्या माणसाचा नट तुटणार नाही.

डिस्क हबच्या पुढून बसवली तर तिच्या टोपीच्या जाडीएवढं, म्हणजे साधारण ६ ते ८ मिमी, चाक बाहेर सरकतं आणि स्टड तेवढेच आखूड होतात. अर्धा इंची स्टडवर नटाचे किमान १३ मिमी पूर्ण आटे धरलेले असले पाहिजेत. कमी भरत असतील तर लांब स्टड घाला.

शेवटी, हब गाडीवर चढवून बेअरिंग बसवल्यावर डायल गेज लावून डिस्कचा डगमग मोजा. ०.१० मिमीपर्यंत चालेल, ०.०५ च्या आत आला तर उत्तम. जास्त येत असेल तर डिस्क काढा, हबच्या तोंडावरचा गंज आणि भोकांच्या कडांचे बर काढा, डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा.

व्हील बेअरिंग पूर्वीसारखंच घट्ट करायचं का?

थोडं जास्त काटेकोर. चाक हाताने फिरवत नट आवळत जायचं, चाक जड फिरू लागलं की नट साधारण एक षष्ठांश फेरा सोडायचा, लॉक वॉशर आणि लॉक नट लावून पुन्हा तपासायचं. ड्रमला बेअरिंगचा थोडा खेळ चालून जातो. डिस्कला चालत नाही: वळणावर डिस्क हलते, पॅड मागे ढकलले जातात, आणि पुढच्या ब्रेकला पहिलं पेडल रिकामं जातं. "वळणानंतर एकदा पंप करावा लागतो" या तक्रारीचं मूळ हेच.

ब्रॅकेट कोणाकडून करून घ्यावा?

एकाच मापाचे दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट लेझरवर कापून, ड्रिलिंग मशीनवर नीट भोकं पाडून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत असं काम करणारे कारखाने आहेत. गॅस कटरने कापलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला ब्रॅकेट घेऊ नका.

त्यावर किती भार येतो याचा अंदाज असावा म्हणून एक हिशोब. समजा पेडलवर ३० किलो जोर आणि पेडलचा गुणक (तरफेने जोर जितका पट होतो तो) ६, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या, पेडलने ऑइल दाबणाऱ्या सिलेंडरच्या, पिस्टनवर १८० किलो. मास्टर सात अष्टमांश इंचाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३.८८ चौरस सेंमी, दाब सुमारे ४६ किलो प्रति चौरस सेंमी. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ २२.९ चौरस सेंमी, म्हणजे पॅड जवळपास १०६० किलोने दाबला जातो. दोन बाजूंचं घर्षण धरून एकेका ब्रॅकेटला साधारण ८५० किलोचा ओढा बसतो. बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) असला की हाच आकडा दुप्पट-तिपटीवर जातो. म्हणून पट्टी १२ मिमीची, बोल्ट १०.९ ग्रेडचे, आणि बोल्टचा गुळगुळीत भाग भोकात बसेल एवढ्या लांबीचे. कॅलिपरचे एम१२ बोल्ट साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळा, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक लावा. ओतीव नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) किंवा कॅलिपरवर वेल्डिंगचा थेंबही पडू देऊ नका. ओतीव लोखंड वेल्डिंगच्या कडेला चिरतं, आणि ती चीर रंगाखाली दिसत नाही.

ब्रॅकेट ड्रमच्या मागच्या प्लेटच्या जागी स्पिंडलच्या सहा बोल्टांवर बसतो. ब्रॅकेट त्या प्लेटपेक्षा जाड असतो, त्यामुळे जुने बोल्ट आखूड पडतात. हे कामाच्या दिवशी लक्षात येऊ नये, म्हणून लांब बोल्ट आधीच आणून ठेवा.

मास्टर सिलेंडर तोच चालेल का?

एक पाइपचा जुना मास्टर असेल तर नाही. हे आम्ही डिस्क न बसवणाऱ्यालाही सांगतो. एका सर्किटच्या मास्टरमध्ये एक होज (लवचिक ब्रेक पाइप) फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटचा मास्टर बसवा. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. बजेटमध्ये एकच काम बसत असेल तर डिस्क पुढच्या वर्षी करा आणि मास्टर आत्ता.

माप निवडताना लक्षात ठेवा की मास्टर मोठा केला की पेडल वर राहतं पण कडक होतं, लहान केला की हलकं होतं पण खोल जातं. एक इंची मास्टरऐवजी सात अष्टमांश इंची घातला तर तेवढ्याच पायाच्या जोरावर दाब ३० टक्के वाढतो आणि पेडलचा प्रवासही ३० टक्के वाढतो. कॅलिपरला व्हील सिलेंडरपेक्षा खूप जास्त ऑइल लागतं, म्हणून फार लहान मास्टर घातला तर पेडल फ्लोअरला टेकेल. बूस्टर असेल तर एक इंचाच्या आसपास, बूस्टर नसेल तर सात अष्टमांश, इथून सुरुवात करा. ज्या गाडीचे कॅलिपर घेतले तिचाच मास्टर आणि बूस्टर जोडीने घेतला तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मास्टरवरची ब्रेक ऑइलची डबीही मोठी हवी. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑइल भरून राहतं. दोन्ही पॅड मिळून १६ मिमी झिजले, तर ५४ मिमीच्या एका कॅलिपरला सुमारे ३७ मिली, दोन्हींना मिळून ७३ मिली ऑइल जास्त लागतं. जुन्या मास्टरच्या छोट्या खोबणीत एवढं ऑइल मावतच नाही. ती रिकामी झाली की हवा आत शिरते.

बूस्टर लागतोच का?

ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच ओढला जाऊन घट्ट होतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नसते. त्यामुळे बूस्टरशिवाय डिस्क बसवली की पहिल्याच फेरीत माणूस म्हणतो, "यापेक्षा ड्रम बरे होते." हलक्या गाडीला, लहान मास्टर आणि लांब पेडल असेल तर बूस्टरविना निभतं. बाकीच्यांनी बूस्टर बसवाच.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्याला वेगळा पंप लागतो. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला जोडसंच मिळतो. त्याला इंजिनातून ऑइलची बारीक नळी येते आणि जाड नळीने ऑइल चेंबरमध्ये परत जातं. परतीची नळी वर चढती ठेवली किंवा पिळली गेली, तर पंपात ऑइल तुंबतं आणि ते बूस्टरमध्ये ओढलं जातं. ती सगळीकडे उतरती हवी. बूस्टरच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह विसरू नका.

तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल बोटभर खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय.

मास्टर फ्लोअरखाली आहे. वेगळं काही करावं लागतं?

हो. मास्टर कॅलिपरच्या पातळीवर किंवा खाली असेल, तर गाडी उभी असताना ऑइल हळूहळू डबीकडे परततं आणि सकाळी पहिलं पेडल रिकामं जातं. पुढच्या लाइनला २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लावा. मागच्या ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा. हे दोन्ही उलटे लागले तर पुढचे पॅड कायम घासत राहतील. ड्रमसाठी बनवलेल्या जुन्या मास्टरच्या तोंडाशी आतच असा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तो मास्टर ठेवलात तर पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह काढावा लागतो.

मागची चाकं आधी लॉक होतात. हे धोक्याचं आहे का?

फार. आखूड चेसिसची रिकामी जीप ब्रेक मारताना नाक खाली घालते, मागचं वजन उचललं जातं, आणि मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गर्रकन आडवी होते. ओल्या डांबरावर हे इतक्या पटकन होतं की स्टिअरिंग सावरायला वेळ मिळत नाही.

मागच्या लाइनवर हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) बसवा. मोकळ्या, ओल्या, सपाट जागी, ताशी ३० ते ४० च्या वेगाला, बाहेर उभ्या माणसाला चाकांकडे बघायला सांगून ब्रेक मारा. पुढची चाकं किंचित आधी लॉक होतील असा व्हॉल्व्ह लावा, आणि तिथे खूण करून ठेवा. हा व्हॉल्व्ह पुढच्या लाइनवर कधीही नाही. दुसऱ्या गाडीचा ओझ्याप्रमाणे चालणारा एलएसपीव्ही तसाच उचलून बसवू नका. त्याची कांडी त्या गाडीच्या मागच्या अॅक्सलच्या उंचीवर जुळवलेली असते.

पाइप जोडला, दोन फेरे बसला आणि मग आटे गेले. असं का?

कारण नट आणि भोक वेगवेगळ्या मापाचे होते. जुन्या जीपच्या पाइपांचा नट तीन अष्टमांश इंची, २४ आट्यांचा. नव्या गाड्यांच्या कॅलिपर-मास्टरला एम१० × १ चे आटे. पहिल्याचा व्यास ९.५ मिमी, दुसऱ्याचा १०. डोळ्याला सारखेच दिसतात. इंची नट मेट्रिक भोकात हाताने सहज जातो, थोडा डगमगतो, आणि पान्याने आवळला की धरल्यासारखा वाटतो. मग एखाद्या जोरदार ब्रेकला सुटतो. हातातला डगमग हीच खूण. तो जाणवला की थांबा, व्हर्निअरने मोजा.

पाइपाच्या टोकाचा फुगवटाही दोन प्रकारचा असतो. जुना दुमडलेला ४५ अंशाचा, नवा गोल बुडबुड्यासारखा. एकाच्या जागी दुसरा पूर्ण बसत नाही आणि थेंब थेंब गळतो. पाइप ब्रेकसाठीचा स्टीलचा किंवा तांबं-निकेलचा घ्या. एसी-फ्रीजचा साधा तांब्याचा पाइप कंपनाने कडक होऊन चिरतो. कोकणात, खाऱ्या हवेत, तांबं-निकेलचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. होज बसवल्यावर चाकं जमिनीवरून उचलून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा: होज ताणला जाता कामा नये, टायरला किंवा स्प्रिंगला घासता कामा नये.

कामाचा क्रम कसा ठेवावा?

चेसिस स्टँडवर ठेवा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. आधी एक बाजू पूर्ण सोडा आणि दुसरी तशीच राहू द्या, म्हणजे संदर्भाला जुनी मांडणी समोर राहते. हब, बेअरिंग, स्पिंडल धुऊन तपासा, नकलचं सील बदला. हे सील गळत असेल तर नवा पॅड महिन्याभरात तेलकट होईल. मग ब्रॅकेट, हब-डिस्क, डायल गेज, कॅलिपर, होज. दोन्ही बाजू झाल्या की मास्टर-बूस्टर आणि पाइप. मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, तोंडांना नळ्या लावून त्यातच हवा काढून घ्या. सगळे भाग हाताशी असतील तर दोन माणसांना दोन दिवस लागतात. लेथकडच्या खेपा वेगळ्या.

दोन लिटर ऑइल ओतलं तरी हवा निघत नाही.

आधी कॅलिपर बघा. हवा काढायचा निपल वर आहे का? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खाली येतो, वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा राहतो आणि कितीही पंप केलं तरी तो हलत नाही. ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

निपल वर असूनही पेडल स्पंजासारखं असेल तर मागच्या शूची अॅडजस्टमेंट करा. शू लांब असले की ते जवळ आणण्यातच पेडल संपतं, आणि लोक ती हवा समजतात. मग क्रम: मास्टर उजव्या बाजूला असेल तर मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मदतनीसाने पेडल सावकाश दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा, पेडल खाली टेकलं की निपल बंद, मग "सोड". पेडल दणादण आपटलं तर हवेचे बारीक बुडबुडे ऑइलमध्ये मिसळतात.

दहा किलोमीटरनंतर ब्रेक धरून राहतो, चाकं तापतात.

बहुतेकदा बूस्टर किंवा पेडलच्या दांड्याला मोकळीक उरलेली नसते. मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि तापून वाढलेल्या ऑइलला जागाच मिळत नाही. दांडा आणि पिस्टन यांत सुमारे १ मिमी फट हवी.

ब्रेक धरलेला असतानाच, गाडी सपाट जागी दगड लावून, मास्टरचे दोन्ही नट दोन फेरे सैल करा आणि मास्टर थोडा पुढे ओढा. चाक सुटलं, तर दांडा लांब आहे. सुटलं नाही, तर त्या चाकाचा निपल उघडा. ऑइल जोरात उडून चाक सुटलं तर अडथळा लाइनमध्ये आहे, रेसिड्युअल व्हॉल्व्ह किंवा आतून सुजलेला होज. तरीही नाही सुटलं, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा गाइड पिन जाम आहे.

गाडी एका बाजूला ओढते, किंवा ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिच्या विरुद्ध चाकाचा ब्रेक कमी लागतोय. गाइड पिन कोरडी आहे का, पॅडवर ग्रीस आहे का ते बघा. थरथर असेल तर डिस्कचा डगमग पुन्हा मोजा, आणि किंगपिन व टाय रॉडच्या बॉल जॉइंटचा खेळही तपासा. जुन्या पुढच्या अॅक्सलची झीज ड्रमने लपवलेली असते, डिस्क ती उघडी पाडते.

कोणतं ब्रेक ऑइल?

डॉट ४. नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, ओल शोषल्यावर किमान १५५. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. आपल्या पावसाळ्यात ते ओल भराभर शोषतं, म्हणून दोन वर्षांनी सगळं बदला आणि अर्धवट उघडा डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळत नाही. डॉट ४ रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

नवे पॅड घासून बसवायचे असतात ना?

हो. मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, असं दहा वेळा, दोनांमध्ये अर्धा किलोमीटर मोकळं चालवून. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. नंतर गाडी थंड होऊ द्या.

हँडब्रेकचं काय?

तो मागच्या चाकांवर किंवा ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. पुढच्या कामाने त्याला धक्का लागत नाही.

भाग जुने घेतले तर चालतील?

कॅलिपरचा सांगाडा जुना चालेल. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात असे सांगाडे मिळतात. त्यात सील, बूट, गाइड पिन आणि निपल नवे घाला, पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही. डिस्क, पॅड, होज आणि मास्टरचा किट मात्र नवेच. जुन्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचा, आणि व्हर्निअर जवळ असू द्या.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं. पुस्तकात ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९६ ब्रेकविषयीच आहे आणि पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी तपासली जाते. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, भागांची बिलं आणि ब्रॅकेटचं रेखाचित्र फाइलला ठेवा.

काम झाल्यावर लक्ष कशावर ठेवायचं?

पहिल्या १०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे, कॅलिपरचे आणि चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. बोल्टच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. पुढे चाक काढाल तेव्हा रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे पाना न लावता कळतं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी डबीतली पातळी आणि चारही चाकांच्या आतली बाजू बघा. पावसाळा संपला की गाइड पिन काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत घाला. पॅड ३ मिमीवर आले की बदला, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलण्याआधी डबीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते वरून उतू जाऊन बूस्टरचा रंग खाईल.